मांजराचं इवलंसं पिल्लू घरी आणलंय? आधी ऊब, मग दूध

आपल्या खान्देशात मांजरीनं पिल्लं घालायच्या जागा ठरलेल्या असतात. घरामागचा पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) ढीग, कडब्याची गंजी, वेचलेला कापूस भरून ठेवलेली खोली, जुन्या धाब्याच्या घराचा माळा, नाहीतर रावेर-यावलकडे केळीच्या खोक्यांच्या थप्पीमागे. मग कोणीतरी पऱ्हाट्या उचलायला जातं, मांजर घाबरून पळते आणि मुठीत मावेल एवढं एक पिल्लू ओरडत मागे राहतं. लेकरं ते उचलून घरी आणतात, घरात कोणालाच नाही म्हणवत नाही, आणि सगळ्यात पहिले काय होतं तर ताटलीत गाईचं दूध ओतून पिल्लाचं तोंड त्यात बुडवलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू गार पडलेलं असतं अन् सगळे म्हणतात आईशिवाय जगतच नाही ते.

जगतं. आईशिवाय वाढलेली कितीतरी पिल्लं मी पाहिलीयेत, आता चांगली दांडगी मांजरं झालीत ती. फक्त क्रम चुकवायचा नाही, आणि बहुतेक लोक नेमका क्रमच चुकवतात. मला फोन येतो तो पण असाच, "पिल्लू दूध पेस नही, काय करू व माय?" आणि मी पहिला प्रश्न एकच विचारते, की त्याच्या पोटाला हात लावून सांगा, गरम लागतंय का गार?

गार असेल तर दुधाचा थेंबही द्यायचा नाही. हे लोकांना पटत नाही कारण पिल्लू उपाशी दिसतं आणि जीव तुटतो, पण कारण समजून घ्या. जन्मल्यापासून पहिला आठवडाभर पिल्लाला कुडकुडता सुद्धा येत नाही, अंग गरम ठेवायची यंत्रणाच तयार नसते, ते आईच्या पोटाला आणि भावंडांना चिकटूनच गरम राहतं. अंगाचं तापमान 35 डिग्रीच्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते, मग पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथंच नासतं, पोट फुगतं. शिवाय थंड पडलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नाही म्हणून तेच दूध श्वासनलिकेत जातं. म्हणजे आपण मायेनं पाजलेल्या दुधानेच पिल्लू जातं.

तर आधी ऊब. सगळ्यात सोपं म्हणजे पिल्लू टॉवेलात गुंडाळून आपल्या छातीशी धरून बसायचं, कपड्याच्या आत अंगाला लागून, आणि घाई करायची नाही, तासभर लागला तरी चालेल. जोडीला प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. आमच्याकडे अजून एक करतात ते मला फार आवडतं, जाड मोज्यात ज्वारी भरायची, तोंड बांधायचं, तव्यावर मंद आचेवर शेकून घ्यायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं की कोमट लागतंय ना, आणि मग ते पिल्लाच्या बाजूला ठेवायचं. लाईट गेली तरी हे चालतं, आणि लाईट कधी जाईल ते आपल्याकडे सांगता येत नाही म्हणून निव्वळ बल्बच्या भरवशावर राहू नका. चुलीजवळ ठेवणं, गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायर लावणं हे अजिबात नको, एकदम तापवलं तर ते पण पिल्लाला झेपत नाही आणि कातडी भाजते ते वेगळंच.

पिल्लू अगदीच लुळं पडलं असेल, मान टाकली असेल, तर रक्तातली साखर उतरलेली असण्याची शक्यता खूप. अशा वेळी कोमट पाण्यात साखर नाहीतर ग्लुकोज विरघळवून बोटानं एखाद थेंब फक्त हिरड्यांना चोळायचा. तोंडात ओतायचं नाही. आणि ऊब देत देतच डॉक्टरकडे निघायचं.

पिल्लू गरम झालं हे कसं कळणार? स्वच्छ धुतलेली करंगळी त्याच्या तोंडात हळूच घालून बघा. आतून गरम लागलं आणि ते चोखायला लागलं की समजा आता दूध चालेल.

हे झालं हिवाळ्याचं. धुळ्या-नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्याही खाली उतरतो, तेव्हा थंडीच मुख्य शत्रू. पण आमच्या भुसावळला आणि एकूणच जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मे मध्ये 44-45 डिग्री काही नवीन नाही, आणि तेव्हा सगळं उलटं होतं. लोक कुठंतरी वाचतात की पिल्लाला ऊब पाहिजे आणि पत्र्याच्या खोलीत खोकं ठेवून वर गोधडी झाकतात, असं केलं तर पिल्लू आत भाजून निघेल. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवती साधारण 30 ते 32 डिग्री पाहिजे, नंतर हळूहळू कमी, महिन्याच्या पिल्लाला 24-25 पुरे. म्हणजे मे महिन्यात दुपारी आपली खोलीच गरजेपेक्षा गरम असते. घरातली सगळ्यात थंड खोली बघा, मातीची किंवा शहाबादी फरशी असलेली, खिडकीला ओलं गोणपाट लावा. कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवलं तरी हरकत नाही पण कूलरची हवा थेट खोक्यावर नको. पिल्लू तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील, तर साध्या पाण्यानं पंजे आणि कान ओले करा, बर्फ लावू नका, आणि डॉक्टरला फोन करा.

ऋतू कोणताही असो, खोक्याच्या निम्म्या भागातच ऊब ठेवायची. गरम वाटलं तर सरकून बाजूला जायला पिल्लाला जागा पाहिजे.

खोकं म्हणून केळीचं खोकं मस्त, मजबूत असतं आणि हवा खेळती राहते. फक्त तळाला भोकं असतात त्यात पाय अडकतात म्हणून आधी पुठ्ठा टाका, वर जुनी सुती चादर किंवा मऊ टीशर्ट. सुटे दोरे निघालेली गोधडी नको, नखं आणि पाय अडकतात. सुटा कापूस अंथरू नका, घरात पोत्यानं पडलेला असला तरी नको, तंतू तोंडात जातात आणि पायाला गुंडाळले जातात. आणि मुंग्या! हे कुठल्या परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत पण आपल्याकडे सांडलेल्या दुधाच्या वासानं लाल मुंग्या येतात आणि डोळे न उघडलेल्या पिल्लाला फोडून काढतात. खोकं स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवायचे, पूर्वी दुधाच्या कपाटाला करायचे तसंच, आणि पाजून झालं की पिल्लाचं तोंड-गळा ओल्या कपड्यानं पुसायचं. खिडकी दार बघून ठेवा, बोका बारक्या पिल्लांना मारतो, आणि गल्लीतली कुत्री आहेतच.

आता जरा मागे येते. पिल्लू घरी आणायच्या आधी, किंवा आणून तासाभराच्या आत असाल तर अजूनही, हे बघा की खरंच आई नाहीये का. मांजर खायला शोधायला काही तास पिल्लं सोडून जाते, आणि जागा बदलताना एक एक पिल्लू उचलून नेते, तेव्हा मध्येच एखादं एकटं दिसतं. पिल्लू स्वच्छ आहे, पोट गोल आहे, गप झोपलंय, तर आई आहे असं समजा, दूर जाऊन थांबा, अगदी नजरेआड. अंग मळलेलं, गार, सतत ओरडतंय, पोट खपाटीला गेलंय, तर मात्र उचला. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही असं सगळे सांगतात, ते खरं नाही, ती बहुतेक वेळा घेते, खुशाल परत ठेवा. फक्त उन्हात ठेवून वाट बघत बसू नका, सावलीत सरकवा. आई आली तर तिलाच खायला-प्यायला द्या, तिच्याइतकं चांगलं कोणालाच जमणार नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी नुकतीच व्यालेली मांजर असेल तर तिच्या पिल्लांत हे मिसळून बघता येतं, बऱ्याच जणी घेतात, पण आधी डॉक्टरला दाखवून घ्या म्हणजे रोग तिकडे जायला नको.

वय कळल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. डोळे पूर्ण बंद आणि कान डोक्याला चिकटलेले म्हणजे आठवड्याच्या आतलं, नाळ अजून लटकत असेल तर पाच दिवसांच्या आतलं. डोळे साधारण 7 ते 14 दिवसांत उघडतात, स्वतःहून उघडू द्या, बोटानं ओढू नका. तिसऱ्या आठवड्यात कान उभे, पुढचे बारीक दात दिसायला लागतात, लटपटत चालतं. चौथ्या आठवड्यात सुळे येतात, खेळायला लागतं, शेपटी वर करून येतं. डोळे या सगळ्या वेळात निळेच असतात, खरा रंग दीड-दोन महिन्यांनी कळतो. नर की मादी ते पण इतक्या लवकर नीट कळत नाही, नाव ठेवायची घाई असेल तर दोन्हीला चालेल असं ठेवा.

आता दूध. गाईचं का नको? मांजरीच्या दुधात प्रोटीन गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतं, फॅट पण जास्त, आणि लॅक्टोज मात्र गाईच्या दुधात जास्त. म्हणजे पिल्लाला पाहिजे ते कमी मिळतं आणि नको ते जास्त, त्यातून जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे एका दिवसात पाणी संपतं. आपल्याकडे लोक अजून एक करतात, दूध जड पडेल म्हणून त्यात निम्मं पाणी घालतात. त्यानं तर जे थोडंफार पोषण होतं ते पण निम्मं झालं. बकरीचं दूध एखाद दिवस निभावून न्यायला बरं, न पातळ करता, पण त्यात सुद्धा लॅक्टोज गाईच्या जवळपासच असतं म्हणून महिनाभर त्यावर वाढवता येत नाही.

मांजराच्या पिल्लासाठीची दूध पावडर मिळते, रॉयल कॅनिनची बेबीकॅट मिल्क, पेटएजीची केएमआर, बीफारची पण येते. जळगाव, धुळे, भुसावळला पेट शॉपमध्ये विचारा, नसेल तर ऑनलाईन मागवा. गावात राहत असाल आणि दर वर्षी पिल्लं सापडतात असा अनुभव असेल तर एक डबा आणूनच ठेवा कारण पार्सल यायला दिवस जातात आणि पिल्लाकडे तेवढे दिवस नसतात. लहान बाळाची पावडर चालत नाही, त्यात पण लॅक्टोज भरपूर आणि प्रोटीन कमी.

पावडर किती आणि पाणी किती ते डब्यावर लिहिलेलं असतं तेच घ्यायचं, अंदाजानं घट्ट-पातळ करू नका. उकळून कोमट केलेलं पाणी. मनगटावर थेंब टाकला तर ना गरम ना गार लागला पाहिजे, 37-38 डिग्री. कालवलेलं दूध फ्रीजमध्ये एक दिवस ठेवता येतं, बाहेर उन्हाळ्यात अजिबात नाही. उरलेलं उष्टं टाकून द्यायचं.

पाजायचं कशानं? कापसाचा बोळा दुधात बुडवून चोखायला देतात, तो नको, एक तर दूध किती गेलं ते कळत नाही आणि तंतू पोटात जातात. बोंडल्यानं पण धार एकदम येते. मेडिकलमधून सुई नसलेली एक किंवा दोन मिलीची सिरिंज आणा, ती सगळीकडे मिळते, नाहीतर पिल्लांची छोटी बाटली. बाटलीच्या बुचाला भोक इतकंच की उलटी धरली तर थेंब थेंब पडेल, धार नाही.

आणि पिल्लू पालथं. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुफ्फुसात जातं आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया. पिल्लू आईला कसं पितं ते आठवा, पोटावर, चारी पंजे खाली टेकलेले, मान जराशी वर. मांडीवर टॉवेल टाकून तसंच ठेवा, सिरिंज तोंडाच्या बाजूने आत, थेंब थेंब, ते चोखेल त्या वेगानं, आपल्या घाईनं नाही. नाकातून दूध आलं तर ताबडतोब थांबा, तोंड खाली करा, नाक पुसा, आणि नंतर श्वासाचा आवाज येतोय का बघा, येत असेल तर डॉक्टर. पिऊन झालं की खांद्यावर घेऊन पाठीवर हळू थोपटून ढेकर काढायचा.

प्रमाण सांगते. दिवसभरात दर 100 ग्रॅम वजनामागे साधारण 20 ते 25 मिली, आणि एका वेळी 100 ग्रॅममागे चार मिलीच्या आसपास, कारण पोटच तेवढं असतं. म्हणजे 200 ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाचं 40 ते 50 मिली, सहा वेळात वाटून. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्री सुद्धा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, नंतर पाच-सहा तासांनी. रात्रीची पाळी घरात वाटून घ्या, एकाच माणसावर टाकली की चौथ्या रात्री तो झोपून जातो आणि पिल्लाचं पिणं चुकतं. आमच्याकडे जिजी पहाटेची पाळी घ्यायच्या कारण त्या तशाही चारला उठतात.

वजन रोज करा, एकाच वेळेला. जळगाव म्हणजे सोन्याचं गाव, काट्यांना तोटा नाही, पण सोनाराकडे जायची गरज नाही, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा डिजिटल काटा पुरतो, वर डबा ठेवून शून्य करायचं आणि पिल्लू डब्यात. जन्मतः ते साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज 10 ते 15 ग्रॅम वाढलं पाहिजे. वहीत लिहून ठेवा, कारण डोळ्यांना फरक दिसतो तोवर उशीर झालेला असतो, आणि काटा एक दिवस आधी सांगतो. एक दिवस वजन जागेवर राहिलं तर लक्ष ठेवा, उतरलं तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या.

आता जे कोणीच सांगत नाही आणि त्यामुळे फार पिल्लं जातात ते म्हणजे शी-शू. तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतःहून करूच शकत नाही, आई चाटते तेव्हा होते. आई नाही तर ते काम आपलं. प्रत्येक वेळी पाजायच्या आधी किंवा नंतर, कोमट पाण्यात कापूस भिजवून पिळायचा आणि शेपटीखाली हळूहळू चोळायचं, मिनिटभर तरी. घासायचं नाही, कातडी सोलते. लघवी जवळजवळ दर वेळी होते आणि फिकट असते. गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतंय. शी दिवसातून एखाद वेळा, पिवळसर, टूथपेस्ट इतकी घट्ट. पाण्यासारखी, पांढरट, हिरवी किंवा रक्त असलेली दिसली तर कागदावर थोडी घेऊनच डॉक्टरकडे जा. दिवसभरात लघवीच झाली नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

पिसवांबद्दल. गंजीतून आलेल्या पिल्लावर त्या असणारच, आणि बारक्या पिल्लाचं रक्त त्या इतकं पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. बारीक फणीनं विंचरून साबणाच्या पाण्यात टाका. फारच असतील तर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मानेखालचं अंग पटकन धुवायचं, लगेच कोरडं करून उबेत. पण घरात बैलाला-म्हशीला लावायचं गोचिडाचं औषध पडलेलं असतं, ते लावू नका हो, हात जोडून सांगते. त्यात सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन असली औषधं असतात, गुरांना चालतात, मांजराच्या लिव्हरला ती फोडता येत नाहीत, झटके येऊन मरतं. कुत्र्याची पावडर पण तशीच. डेटॉल, फिनेल, कापूर, डांबरगोळ्या खोक्याजवळ सुद्धा नको. आणि ताप वाटतोय म्हणून लहान मुलांचं पॅरासिटामॉल दिलं तर मांजर वाचणं कठीण, एक गोळी मोठ्या मांजराला सुद्धा मारू शकते.

शेतकरी घरात अजून एक सांभाळा. कपाशीवर फवारणी करून आलात तर अंघोळ करून, कपडे बदलूनच पिल्लाला हात लावा, ते अंग सतत चाटत असतं आणि त्याच्या अंगाला लागलेलं सगळं पोटात जातं. पंप, डबे, उंदराचं औषध टाकलेली खोली, तिकडे पिल्लू जायलाच नको.

डोळे चिकटलेले, पू आलेला दिसला तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसायचं, दोन्ही डोळ्यांना वेगळा कापूस. डोळे उघडायच्या आधी पापणीमागे सूज दिसली तर ते त्याच दिवशी दाखवायचं, आत पू साठला तर डोळा जातो. घरातले जुने ड्रॉप घालू नका, स्टेरॉईडवाले असतात बऱ्याचदा.

चार आठवड्यांचं झालं, बाटलीचं बूच चावायला लागलं की खायला सुरू करायचं. पिल्लांचं ओलं फूड दुधाच्या पावडरीत कालवून पातळ पेजेइतकं, बशीत. पहिले दोन दिवस ते त्यात चालेल, शिंकेल, अर्धं अंगाला लावून घेईल, तोवर बाटली पण चालू ठेवा. हळूहळू घट्ट. दोन महिन्यांपर्यंत पूर्ण खाण्यावर यावं. उकडलेलं चिकन बारीक करून देता येतं, मीठ-मसाला काही नाही, पण निव्वळ चिकनवर ठेवू नका, कॅल्शियम मिळत नाही. आणि आपलं शेवभाजी, भरीत, काळ्या मसाल्याचा रस्सा उरला म्हणून भाकरीत कुस्करून द्यायची सवय, ती सोडाच, कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवलेला असला तरी.

दूध-भाकर खाऊन आमच्या मांजरी पिढ्यानपिढ्या जगल्या असं घरातली मोठी माणसं म्हणतात. जगल्या कारण त्या दिवसभर उंदीर, पाली, चिमण्या मारून खायच्या. मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य मांसातूनच घ्यावं लागतं, त्याच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर होतं, 1987 मध्ये हृदयाचा हा संबंध सिद्ध झाला तेव्हा तयार कॅट फूडमध्ये सुद्धा टॉरिन वाढवावं लागलं होतं. तेव्हा घरातच राहणाऱ्या पिल्लाला निव्वळ दूध-भाकरीवर ठेवणं बरोबर नाही. उत्तर म्हणून अप्पांना हे सांगा, रागावणार नाहीत.

शी-शूसाठी वाळूची सवय लावायचं काम सोपं आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पसरट ट्रेमध्ये, कडा बोटभर उंच, चाळलेली कोरडी वाळू किंवा फाडलेला पेपर. दुकानात मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी मांजराची तयार वाळू (कॅट लिटर) एवढ्या लहान पिल्लाला नको, ते चाखून बघतात आणि पोटात गोळा होतो. खाऊन झालं की ट्रेमध्ये ठेवायचं, दोन-चार दिवसांत स्वतः जातं.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांशी कसं वागायचं ते शिकतं, म्हणून याच काळात घरातल्या सगळ्यांनी रोज थोडा थोडा वेळ हातात घ्या, मिक्सरचा आवाज, माणसांची ये-जा, सगळं कानावर पडू द्या. हात हे खेळणं नाही, दोरी नाहीतर कागदाचा बोळा द्या आणि दोरी नंतर उचलून ठेवा. लेकरांना सांगा मान धरून उचलायचं नाही, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. दोन भावंडं सापडली असतील तर निदान दोन महिन्यांपर्यंत वेगळी करू नका, चावायचं किती ते एकमेकांकडूनच शिकतात.

डॉक्टरबद्दल. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचं असतं, मांजराचं पिल्लू नेलं तर काही ठिकाणी लोक हसतात, हसू द्या, तुम्ही न्या. जळगाव, धुळ्याला कुत्र्या-मांजरांचे प्रायव्हेट डॉक्टर आहेत. पिल्लू आणलं त्याच आठवड्यात एकदा दाखवून फोन नंबर घेऊन ठेवा, अडचण रात्रीच येते. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून सुरू होतं आणि दर दोन आठवड्यांनी, डोस वजनावर असतो म्हणून डॉक्टरकडूनच घ्या. तीन रोगांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांना. ती तीन रोगांची लस टाळू नका, त्यात पॅनल्युकोपेनिया आहे, उलट्या-जुलाब होऊन काही दिवसांत पिल्लू जातं, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. त्या रोगानं आधीचं पिल्लू गेलं असेल तर त्याच खोक्यात, त्याच चादरीवर नवीन पिल्लू ठेवू नका, खोकं जाळा आणि फरशी ब्लीचनं धुवा.

पिल्लू चावलं किंवा खोल ओरबाडलं, रक्त आलं, तर हळद-मिरची भरत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा, रेबीजची लस तिथं फुकट मिळते. पिल्लू लहान आहे, त्याला काय होणार, असं म्हणू नका, त्याची आई कोणत्या कुत्र्याला भिडली होती हे कोणाला माहीत नसतं.

मादी असेल तर ती चार-पाच महिन्यांत गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत परत पऱ्हाट्यांत चार पिल्लं. म्हणून शेवटच्या लसीला जाल तेव्हाच नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख विचारून घ्या, बोका असला तरी.